स्ट्राउसचं ड्युएट-कॉन्चेर्टिनो कसं ऐकायचं: बासूनच्या बाजूने

जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राउस म्हटलं की बहुतेकांना शंभर-सव्वाशे वादकांचा दणदणाट आठवतो, म्हणजे 'झरथुष्ट्र' या त्याच्या भव्य ऑर्केस्ट्रा-रचनेची ती सिनेमा-जाहिरातवाल्यांनी वापरून वापरून गुळगुळीत केलेली सुरुवात वगैरे. पण याच माणसाने वयाच्या ८३व्या वर्षी, डिसेंबर १९४७ मध्ये, एक अठरा-वीस मिनिटांची छोटीशी रचना पूर्ण केली, त्यात एक क्लॅरिनेट, एक बासून (खालच्या सुरांचं लांबलचक फुंकवाद्य), तंतुवाद्यं आणि एक हार्प, बस. ट्रम्पेट नाही, हॉर्न नाही, ड्रम तर नाहीच नाही. तिचं नाव ड्युएट-कॉन्चेर्टिनो, म्हणजे दोघांसाठीचा छोटा कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्रासमोर एखाद-दुसऱ्या वाद्याला पुढे ठेवून लिहिलेली रचना).

ज्यांना आपलं शास्त्रीय संगीत ऐकायची सवय आहे पण ऑर्केस्ट्रा सुरू झाला की पाचव्या मिनिटाला "आता नक्की कुणाकडे लक्ष द्यायचं" असं होतं, त्यांच्यासाठी ही रचना फार सोयीची आहे असं माझं मत आहे, आणि म्हणून हा लांबलचक लेख. शेवटी थोडं वाजवणाऱ्यांसाठीपण आहे. आणि सगळ्या लेखात माझा हट्ट एकच आहे, की ही रचना बासूनच्या बाजूने ऐका. क्लॅरिनेटच्या मागे कान आपोआप जातातच, त्याला काही शिकवावं लागत नाही, पण बासूनला धरून ठेवलंत तर काय घडतंय, कुठे घडतंय, का घडतंय हे सगळं आपसूक उलगडत जातं.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिचा ऐकताना उपयोग होतो

स्ट्राउसचा जन्म १८६४ चा, म्युनिकचा. वडील फ्रान्झ स्ट्राउस तिथल्या दरबारी ऑर्केस्ट्रातले नावाजलेले हॉर्नवादक. म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांचा श्वास, त्यांची अडचण, त्यांचा नखरा हे सगळं घरातच. विशीच्या आत त्याने १३ फुंकवाद्यांसाठी सेरेनेड लिहिली होती. मग मधली पन्नासेक वर्षं भव्य सिम्फॉनिक रचना आणि ऑपेरा यांत गेली आणि १९४२ च्या 'काप्रिचो' ऑपेरानंतर त्याने आपलं खरं काम संपलं असंच धरून टाकलं होतं, त्यानंतर जे काही लिहिलं त्याला तो मनगटाचा व्यायाम म्हणायचा. या व्यायामात काय काय आलं बघा: दुसरा हॉर्न कॉन्चेर्टो, १६ फुंकवाद्यांसाठी दोन सोनाटिना, २३ तंतुवाद्यांसाठीचं 'मेटामॉर्फोझेन', ओबो कॉन्चेर्टो, आणि आपलं हे ड्युएट-कॉन्चेर्टिनो. असा व्यायाम आम्हालाही जमू दे!

युद्ध संपल्यावर ऑक्टोबर १९४५ मध्ये तो आणि बायको पाउलिने स्वित्झर्लंडला गेले. पैसे अडकलेले, रॉयल्टी गोठवलेली, नाझी काळातल्या वागणुकीची चौकशी चालू (त्याने काही काळ त्यांच्या राजवटीतलं पद घेतलं होतं, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही, चौकशीतून तो जून १९४८ ला सुटला). हॉटेलात मुक्काम, आणि जुन्या रचनांच्या स्वहस्ते नकला करून त्या विकायच्या असा एकंदर प्रकार. अशात लुगानोच्या इटालियन-भाषिक स्विस रेडिओने त्यांच्या ऑर्केस्ट्रासाठी काहीतरी लिहून मागितलं. रेडिओचा ऑर्केस्ट्रा छोटा, म्हणून रचनाही छोट्या मेळाची. मोंत्र्यूच्या मुक्कामात ती पूर्ण झाली आणि ४ एप्रिल १९४८ ला लुगानोत ऑत्मार नुस्सिओच्या संचालनाखाली पहिल्यांदा वाजली, क्लॅरिनेटवर आर्मांदो बासिले आणि बासूनवर ब्रुनो बेर्गामास्की.

आता खरी कामाची गोष्ट. रचना अर्पण केलीये ह्यूगो बुर्गहाउझरला. हा बासूनवादक. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा १९३३ ते १९३८ या काळात अध्यक्षही होता, नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर देश सोडला आणि पुढे न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागला. १९४६ मध्ये स्ट्राउसने त्याला पत्रातून कळवलं होतं की क्लॅरिनेट आणि बासूनसाठी दुहेरी कॉन्चेर्टो डोक्यात घोळतोय आणि तो घोळताना तुझा सुंदर स्वर कानात आहे. म्हणजे लिहिताना कान कुणाकडे होता हे स्वतः लिहिणाऱ्यानेच सांगून ठेवलंय. म्हणून मी म्हणतो, बासूनच्या बाजूने.

पायरी पहिली: सामान

मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. हे मी उगाच शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. बासूनचा सगळ्यात खालचा सूर साधारण ५८ हर्ट्झचा असतो आणि मोबाईलचा चिमुकला स्पीकर एवढं खाली जाऊच शकत नाही, तो फक्त वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पोटात वाजणारे वरचे बारीक सूर, वाजवतो आणि बाकीचं मेंदू भरून काढतो, त्यामुळे बासून पातळ आणि शेंबडा ऐकू येतो आणि मग लोक म्हणतात हे काय गुणगुणतंय. साधे वायरवाले इअरफोन चालतील, महागाचं काही नको. घरात बरे स्पीकर असतील तर उत्तमच.

रेकॉर्डिंग शोधताना नुसतं 'स्ट्राउस' टाकाल तर व्हिएन्नाच्या वॉल्ट्झवाल्या योहान स्ट्राउसचा पूर येईल. त्याचा याच्याशी काही नातेसंबंध नाही. 'रिचर्ड' टाका आणि रचनेचं पूर्ण नाव टाका. आणि ज्या रेकॉर्डिंगवर दोन्ही वादकांची नावं दिलेली असतील तेच घ्या, कारण हे गाणंच त्या दोघांचं आहे आणि नुसतं कंडक्टरचं नाव छापून मोकळे होणारे अपलोड बऱ्याचदा अर्धवट किंवा एकाच भागाचे असतात. सुरुवातीला मी रुडॉल्फ केम्पेचं ड्रेस्डेन स्टाट्सकापेलबरोबरचं १९७० च्या दशकातलं रेकॉर्डिंग सुचवेन, क्लॅरिनेटवर मान्फ्रेड वायझे, बासूनवर वोल्फगांग लीब्शर. त्यात घाई नाही, आणि बासून कुठेही लाजत नाही.

तीन भाग आहेत: आलेग्रो मोदेरातो (मध्यम जलद), आंदान्ते (संथ चालीचा), आणि रोंडो. साधारण सहा मिनिटं, तीन मिनिटं, आणि दहा मिनिटं. हे एकमेकांना जोडलेले आहेत, मध्ये थांबा नाही, त्यामुळे ट्रॅक बदलताना मध्ये क्षणभराची गप्प जागा येत असेल तर ती ॲपची करामत आहे, स्ट्राउसची नाही. सेटिंगमध्ये जाऊन 'गॅपलेस' चालू करा.

पायरी दुसरी: आधी दोन वाद्यं वेगवेगळी कानात बसवा

ही पायरी लोक गाळतात आणि मग पुढे सगळंच सरमिसळ होतं.

क्लॅरिनेट आपल्याला तसं नवं नाही. लग्नाच्या बँडमध्ये ते इतकी वर्षं वाजतंय, जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांत तर जागोजागी आहे, आणि त्यातल्या कितीतरी वादकांची मुळं गोव्यात. पण बँडमधलं क्लॅरिनेट रस्त्यावर ऐकू जावं म्हणून वरच्या पट्टीत, जोरात वाजतं. इथे त्याचा खालचा भाग ऐकायला शिकायचंय, पोकळ, लाकडी, थोडा काळोखी आवाज. हे पोकळपण येतं त्याच्या नळीमुळे: नळी जवळजवळ एकाच रुंदीची, एका बाजूला बंद असल्यासारखी वागते, म्हणून खालच्या भागात विषम हार्मोनिक्सच जास्त येतात. त्यामुळेच जोर देऊन वरच्या भागात उडी मारली की सूर सप्तकभर न चढता थेट बारावा सूर येतो, म्हणजे सा वरून सप्तक ओलांडून पुढचा प. एकपट्टी रीड, म्हणजे वेताची एकच पात.

बासून मात्र बऱ्याच जणांनी समोर पाहिलेलंच नसतं. जवळजवळ अडीच मीटरची नळी, दुमडून उभी केलेली, वादकाच्या डोक्याच्या वर जाते, आणि तोंडाशी वाकडी धातूची नळी व तिच्यावर दुपट्टी रीड. रीडच्या बाबतीत हे आपल्या सनईचं नातेवाईक: तिथेही दोन पाती एकमेकांवर थरथरतात, तिथेही नळी निमुळती होत गेलेली. फक्त हे सनईच्या कितीतरी खाली बोलतं. याचे तीन आवाज लक्षात ठेवा. खालचा जाडजूड आणि थोडा खरखरीत, मधला सपक पण मऊ, आणि वरचा, टेनरचा, जो फार आर्त असतो, पुरुष गायकाने वरच्या षड्जाजवळ गळा ताणून धरावा तसा.

आता गृहपाठ. मोझार्टचा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो (१७९१, के. ६२२) आणि त्याचाच बासून कॉन्चेर्टो (१७७४, के. १९१), दोन्हींचे फक्त मधले संथ भाग ऐका. एवढंच. हे दोन का, तर स्ट्राउस आयुष्यभर मोझार्टचा भक्त होता, आणि बुर्गहाउझरला लिहिताना त्याने वडिलांची आठवण काढली होती, की बासूनसाठी सगळ्यात सुंदर कुणी लिहिलं असेल तर मोझार्टने, असं ते म्हणायचे. तो संथ भाग ऐकून झाल्यावर हे वाद्य विनोदी आहे असं परत म्हणून दाखवा.

पायरी तिसरी: एकदा सलग ऐका, काहीही न वाचता

पहिल्यांदा ऐकताना फक्त एकच काम करायचं: जे काही फुंकलेलं ऐकू येतंय ते दोघांपैकी कोण आहे ते ओळखायचं. ऑर्केस्ट्रात दुसरं कुठलंच फुंकवाद्य नाही, त्यामुळे तिसरा पर्यायच नाही, आणि हाच या रचनेचा सगळ्यात मोठा फायदा आहे. सिम्फनी ऐकताना ओबो, कोर आंग्ले, फ्लूट, हॉर्न असा गोंधळ असतो, इथे दोनच नावं.

तरी फसायला होतं, आणि कुठे फसायला होतं ते मजेशीर आहे. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा सूर म्हणजे मधल्या सी च्या (पियानोच्या मधोमध असलेला सूर) जवळजवळ एक सप्तक खालचा डी, आणि बासून आरामात मधल्या सी च्या वर एक सप्तक जातं. म्हणजे दोघांची सामाईक जागा जवळजवळ दोन सप्तकांची! स्ट्राउस या जागेचा पुरेपूर फायदा घेतो, बासूनला वर चढवतो, क्लॅरिनेटला खाली उतरवतो, आणि मग दोघं एकमेकांच्या अंगावरून जातात तेव्हा क्षणभर कळत नाही वर कोण आहे. अशा वेळी एक युक्ती: सुराच्या सुरुवातीकडे लक्ष द्या. क्लॅरिनेट शांततेतून अलगद, धुरासारखं उगवू शकतं, सूर सुरू कधी झाला हे कळतच नाही. बासूनच्या सुराला सुरुवातीला बारीकसा 'प' किंवा 'ड' असा ठसका असतो, दुपट्टी रीड बोलायला लागते तो. एकदा हा ठसका कानाला लागला की परत चूक होत नाही.

आणि जुगलबंदी म्हणून ऐकायला बसू नका. जुगलबंदीत दोघं एकाच रागात, एकाच तालात, साधारण तोडीस तोड चालतात, एकाने जागा घेतली की दुसरा तीच फिरवून देतो. इथे सुरुवातीला दोघं एका जगातलेच नाहीत, त्यांचं जमत जाणं हाच तर सगळा ऐवज आहे. तोडीस तोडची अपेक्षा ठेवलीत तर पहिली पाच मिनिटं बासून बिचारं मागे पडलंय असं वाटत राहील.

पायरी चौथी: मग गोष्ट वाचा, आणि बाजूला ठेवा

गोष्ट अशी की एक राजकन्या नाचतेय, तेवढ्यात एक अस्वल येतं आणि तिच्या नाचाची नक्कल करत बेढब उड्या मारायला लागतं, ती घाबरते, मग हळूहळू तिचं मन वळतं, ती त्याच्याबरोबर नाचते आणि अस्वलाचा राजपुत्र होतो. राजकन्या म्हणजे क्लॅरिनेट, अस्वल म्हणजे बासून. हे स्ट्राउसनेच बुर्गहाउझरला सांगितलं होतं, आणि वर थट्टाही केली की शेवटी तुझाही राजपुत्र होणार.

गोष्ट छान आहे, पोरांना सांगायला तर उत्तमच. पण मोठ्यांनी ती ऐकताना डोक्यात चालू ठेवू नये असं मला वाटतं, कारण मग आपण प्रत्येक सुराला 'आता घाबरली, आता उडी मारली' अशी लेबलं लावत बसतो आणि प्रत्यक्षात काय वाजतंय ते निसटतं. शिवाय गोष्ट राजकन्येच्या बाजूने सांगितलीये. तिचा उपयोग एवढाच, की दोघांपैकी बदलतं कोण हे ती सांगते. बदलतो तो बासून.

पायरी पाचवी: पहिला भाग, सावकाश

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण माझ्या मते सगळ्यात जास्त काम याच सहा मिनिटांत झालंय.

सुरुवात होते ती तंतुवाद्यांच्या मोजक्या प्रमुख वादकांनी, पूर्ण ताफ्याने नाही. हळू, एकमेकांत गुंतलेले, गप्पा चालल्यासारखे सूर. स्ट्राउसचा 'काप्रिचो' ऑपेरा असाच तंतुवाद्यांच्या षट्काने उघडतो आणि ज्याने तो ऐकलाय त्याला इथे लगेच घर ओळखीचं वाटेल. ही जागा नीट ऐका, कारण पुढे अख्खी रचनाभर हे प्रमुख वादक आणि बाकीचा ताफा असे दोन थर असतात, कधी फक्त पाच-सहा जण सोबत करतात, कधी सगळे एकदम भरून येतात. ऑर्केस्ट्रा आधीच छोटा, त्यात हा आणखी छोटा.

मग क्लॅरिनेट येतं. लांबच लांब ओळ, कुठे संपवायची घाई नाही, कुणी अडवत नाही. या वेळी मुद्दाम बासूनची वाट बघा. घड्याळ बघू नका, नुसतं मनात ठेवा की दुसरा माणूस अजून आलेला नाही. क्लॅरिनेटला किती जागा दिलीये ते त्यामुळे कळतं, आणि ऐकणाऱ्याला जवळजवळ विसर पडतो की हे दोघांचं गाणं आहे.

बासून येतं तेव्हा तंतुवाद्यांखालची जमीन बदलते. आत्तापर्यंत जो सपाट उजेड होता तो ढगाळतो, खाली थरथर सुरू होते, आणि क्लॅरिनेट एकदम लांब ओळ सोडून तुकड्या-तुकड्यांत, भराभर पळायला लागतं. इथे दोनदा मागे घेऊन ऐका. पहिल्यांदा क्लॅरिनेटकडे दुर्लक्ष करून फक्त बासून, आणि मग कळेल की बासून काही वाईट करत नाहीये, ते बिचारं आपलं गाणं म्हणायचा प्रयत्न करतंय, भीती सगळी त्या वरच्या धावपळीत आणि खालच्या थरथरीत आहे. दुसऱ्यांदा फक्त तंतुवाद्यं. मग तिसऱ्यांदा सगळं एकत्र.

यानंतर भाग संपेपर्यंत एकच प्रश्न धरून चला: बासूनची ओळ लांब कधी होते? सुरुवातीला तुटक असलेलं ते जसजसं लांब श्वासात गायला लागतं तसतसं क्लॅरिनेटचं पळणं कमी होतं. कोण कुणाला बदलवतंय ते इथे ऐकू येतं, गोष्टीची गरजच पडत नाही.

पायरी सहावी: आंदान्ते, आणि ही तीन मिनिटं तोंडपाठ करा

ही बासूनची जागा. वर तंतुवाद्यांची नाजूक थरथर, हार्पचे उलगडत जाणारे सूर, आणि मधोमध बासून टेनरच्या पट्टीत गातं. ऐकताय ना, पहिल्या भागात भीतीची असलेली थरथरच इथे उजेडाची झालीये. तेच तंत्र, गजाने तार भराभर खाजवायची, पण वरच्या सुरांवर आणि हळू आवाजात, आणि अर्थ पूर्ण पालटला. पैसे वसूल.

करायचं काय, तर बासूनची ओळ बरोबर गुणगुणायची. सूर नाही लागले तरी चालेल, श्वास कुठे घेतला जातो ते महत्त्वाचं. तुमचा श्वास संपतो आणि वादकाचा संपत नाही अशी एक तरी जागा सापडेल. मग दुसरं रेकॉर्डिंग लावा आणि बघा तो वादक तिथेच श्वास घेतो की पुढे. कान तयार होण्यासाठी यापेक्षा चांगला व्यायाम मला माहीत नाही.

पुढे क्लॅरिनेट येतं, आणि शेवटाकडे दोघं मिळून मोकळं, तालाच्या बाहेरचं बोलणं करतात. एकट्या वादकाचं मोकळं वादन कॉन्चेर्टोत नेहमीचं, पण दोघांना एकत्र मोकळं सोडायचं म्हणजे दोघांनी एकमेकांचा श्वास ऐकला पाहिजे. इथून सरळ रोंडोत प्रवेश.

पायरी सातवी: रोंडो, दोन बैठकांत

स्पष्टच सांगतो, दहा मिनिटांचा रोंडो मला जरासा लांब वाटतो. जवळजवळ निम्मी रचना याच एका भागात आहे आणि पहिल्या दोन भागांत जे नाटक होतं ते संपलेलं असतं, आता नुसता आनंदी संसार. पण थकल्या कानाने ऐकलं तरच असं होतं, म्हणून तो वेगळ्या दिवशी, ताज्या कानाने ऐका.

रोंडो म्हणजे एक मुखडा परत परत येतो आणि मध्ये वेगवेगळे प्रसंग. आपल्या बंदिशीत मुखड्यावर येण्याची सवय असलेल्यांना हे अवघड नाहीच. कागदावर उभी रेघ मारा, मुखडा आला की खूण करा, आणि शेजारी क किंवा ब लिहा, म्हणजे मुखडा मुख्यत्वे कुणाच्या तोंडी आला. पानभर क आणि ब एकमेकांत गुंतत गेलेले दिसतील. आणि एक गोष्ट जाणवेल, की बासून आता क्लॅरिनेटएवढंच चपळ आहे, उड्या मारतं पण त्या कुणाला बेढब वाटत नाहीत. एवढी लांब नळी, एकट्या अंगठ्याला सांभाळायच्या चिक्कार चाव्या, आणि त्यावर हा वेग.

पायरी आठवी: स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन) बघायचा असेल तर

स्ट्राउस वारला ८ सप्टेंबर १९४९ ला. भारतात रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे आपल्याकडे ही रचना २०१० पासून मोकळी आहे, युरोपात ७० वर्षांचा हिशोब आहे म्हणून तिथे २०२० पासून. अमेरिकेत नियम वेगळे आहेत, तिथे राहणाऱ्या मंडळींनी आपलं आपलं बघून घ्यावं. रेकॉर्डिंगचे हक्क अर्थात वेगळे, ते यात येत नाहीत.

नोटेशन वाचता येत नसेल तरी स्कोअर समोर ठेवा. वरच्या दोन ओळी आपले दोघं, खाली बाकीचे. कुठली ओळ काळीकुट्ट आहे आणि कुठली रिकामी, एवढं डोळ्यांनी बघत गेलात तरी पुरे, पहिल्या पानांवर बासूनच्या ओळीत किती वेळ नुसते विरामच आहेत ते दिसेल.

आता वाजवणाऱ्यांसाठी

मुंबईत, पुण्यात, गोव्यात क्लॅरिनेट वाजवणारे चांगले आहेत. आपल्याकडे खरं काम म्हणजे बासूनवाला शोधणं. वाद्य महाग, शिकवणारे कमी, आणि २००६ मध्ये एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाल्यापासून मुंबईत निदान समोर बसून बासून ऐकायची सोय झाली हेच खूप. मिळाला तर त्याला चहा-नाश्ता वेळेवर द्या आणि सोडू नका.

पियानोच्या साथीने तालीम होऊ शकते, पण पियानोवाल्याला आधीच सांगून ठेवा की आंदान्तेमधली थरथर पियानोवर नीट होत नाही, तिथे त्याने सगळे सूर बडवण्यापेक्षा हार्पचा भाग धरावा. क्लॅरिनेटवाल्याचा भाग एक सूर वर लिहिलेला असतो, म्हणजे रचना एफ मेजरमध्ये असताना त्याच्या कागदावर जी मेजर, त्यामुळे तालमीत "तो एफ परत घेऊ" म्हटलं की भांडण होतं. सूर कुठला ते 'ऐकू येणारा' धरूनच बोलायचं असं पहिल्याच दिवशी ठरवा. बासूनवाल्याचा कागद वरच्या पट्टीत टेनर क्लेफमध्ये जातो, तेव्हा पियानोवाल्याने त्याच्या कागदात डोकावून शहाणपण शिकवू नये.

सुरात राहायचं तर एक लक्षात असू द्या, क्लॅरिनेट हळू वाजवलं की सूर चढतो आणि जोरात वाजवलं की उतरतो. दोघं मिळून हळू सूर धरतात अशा जागा अलग काढून, व्हिब्रेटो पूर्ण बंद करून, नुसते लांब सूर धरून घासा. एसीच्या हॉलमध्ये थंड वाद्य खाली असतं आणि तापलं की वर जातं, म्हणून आत जायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं फुंकून घ्या. बासूनचं रीड पाण्यात भिजवून घ्यायचं, क्लॅरिनेटचं नुसतं तोंडात ओलं केलं तरी भागतं. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत दोन्हींचे नखरे वाढतात, तेव्हा दोन-तीन रीड्स तयार ठेवा.

उभं राहायची जागाही महत्त्वाची. बासूनचा आवाज एका दिशेने सरळ येत नाही, भोकांतून सगळीकडे पसरतो आणि तंतुवाद्यांत सहज बुडतो, म्हणून त्याला किंचित पुढे ठेवा आणि क्लॅरिनेटला अर्धं त्याच्याकडे वळवा. आंदान्तेच्या शेवटी दोघांना एकमेकांचे खांदे दिसले पाहिजेत, श्वास खांद्यात आधी दिसतो. आणि साथीच्या तंतुवाद्यांची संख्या वाढवायचा मोह टाळा, "जास्त लोक आले तर बरं वाटेल" असं कमिटीतलं कुणीतरी म्हणतंच, पण इथे दहा जण जास्त झाले की बासून गेलं.

यानंतर काय ऐकायचं

लगेच स्ट्राउसचा ओबो कॉन्चेर्टो (१९४५). त्याची कहाणी अशी की जॉन डी लान्सी नावाचा अमेरिकन सैनिक, मुळात ओबोवादक, युद्धानंतर गार्मिशला स्ट्राउसच्या घरी जायचा, त्याने विचारलं की ओबोसाठी काही लिहिणार का, म्हातारा सरळ नाही म्हणाला, आणि मग लिहिला. त्यानंतर १९४८ ची 'शेवटची चार गाणी', सोप्रानो आणि पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी, पण ती संध्याकाळी एकट्याने ऐका, मध्ये फोन नको.

आणि दोन फुंकवाद्यांची जोडी आवडली असेल तर आर्थर ओनेगेर या स्विस-फ्रेंच रचनाकाराचा 'कॉन्चेर्टो दा कामेरा', हाही १९४८ चाच, फ्लूट, कोर आंग्ले आणि तंतुवाद्यांसाठी. यातली दोघं सुरुवातीपासून एकमेकांच्या बरीच जवळ आहेत, त्यामुळे क आणि ब वाली कागदाची युक्ती इथे फारशी चालत नाही, उलट दोघांचा मिळून होणारा रंग ऐकावा लागतो. कोर आंग्ले म्हणजे ओबोचा मोठा भाऊ, दुपट्टी रीडचाच, तेव्हा सुरुवातीचा ठसका ओळखायची तुमची तयारी झालेलीच आहे.